पाणी मुरतंय कुठे

भर बाजारात दोन इमारतींच्या मधोमध ती बाग होती. बाग म्हणायची आपली रीत म्हणून, एरवी लांबी अठरा पावलं आणि रुंदी अकरा. समोर बसचा थांबा, डाव्या हाताला बाइंडरचं दुकान, उजव्या हाताला वजनमाप कार्यालयाची जुनी दगडी इमारत. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तिथे विटांचे तुकडे आणि गवत यांखेरीज काही नव्हतं. मग आसपासच्या सात-आठ जणांनी नगरपालिकेला अर्ज करकरून ती जागा मागून घेतली आणि स्वतःच्या हातांनी तिची बाग केली. माळी नाही, पगार नाही. ज्याला जसा वेळ मिळेल तसं त्याने यायचं आणि खुरपं हातात घ्यायचं.

या सगळ्यांच्या म्होरक्या होत्या वन्सं. म्हणजे सिस्टरच्या वन्सं, बाकीचे त्यांना पाठीमागे कलेक्टर म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं सुपरवायझर होत्या आणि तिथला आवाज त्यांनी निवृत्त होताना जमा केला नव्हता. लग्न केलं नाही. चार वर्षांपूर्वी भाऊ गेला, तेव्हा वहिनीकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात घरातल्या डब्यांच्या जागासुद्धा त्यांनी बदलल्या. वहिनी म्हणजे आपल्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उभा जन्म गेला, त्यामुळे गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना सिस्टरच म्हणे. त्या बागेत नव्या. जेमतेम दोन महिने झाले होते, आणि तेही वन्सं रोज हाताला धरून नेत म्हणून.

बागेत एक कोपरा होता, मागच्या भिंतीपाशी, वजनमाप कार्यालयाच्या अंगाला. तिथली माती कायम ओली. बाकी बाग उन्हाने भेगाळली तरी तो कोपरा आपला चिखलात पाय सोडून बसलेला. वन्संनी तिथे तीन वेळा गुलाब लावला आणि तिन्ही वेळा तो मुळाशी कुजला. तिसरा उपटून काढला आणि रविवारच्या बैठकीत त्यांनी निर्णय सांगून टाकला. पंधरा दिवसांनी सोमवारी गवंडी येईल, कोपऱ्यावर काँक्रीट टाकेल आणि वर एक बाक बसेल. कुणाची हरकत? हरकत कुणाचीच नसे. वन्संच्या बैठकीत हरकत घ्यायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

सिस्टरनी हळूच विचारलं, "पण पाणी येतं कुठून?"

वन्संनी सगळा इतिहास सांगितला. पाणीखात्याला कळवून झालं होतं. त्यांचा माणूस आला, लोखंडी कांब जमिनीत रोवली, तिच्या टोकाला कान लावून पाच मिनिटं डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, आमची लाइन इथे बोलत नाही. झालं. जमिनीलाच सर्दी झालीय, तिला कोण काय करणार!

घरी जाताना सिस्टरच्या डोक्यातून ते जाईना. दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं एकच गोष्ट पाहिली होती. वाहती जखम नुसती वरून बांधली की आत चिघळते. आणि खरं सांगायचं तर जखमेचं सुद्धा निमित्तच. आपल्या पायाखाली काहीतरी चाललंय आणि ते काय हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्टच त्यांना स्वस्थ बसू देईना. रात्रीची भाजी चिरताना त्यांनी वन्संना सांगितलं की गवंडी येईपर्यंतचे पंधरा दिवस मला द्या.

"घे," वन्सं म्हणाल्या. "पण सोळावा मिळणार नाही, वहिनी."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी पहिलं काम केलं ते त्या पाण्याला बाटलीत भरायचं. वास घेतला. वास नव्हता. बाटली खळखळून हलवली, फेस आला नाही. म्हणजे मागच्या गल्लीतल्या लाँड्रीचं साबणाचं पाणी नव्हे, आणि गटाराचं तर नव्हेच. पाणी स्वच्छ होतं, थंडगार होतं.

मग त्यांनी कपाटातून जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाची जुनी बाटली काढली. बाइंडरच्या दुकानात गेल्या आणि त्याच्या बेसिनमध्ये अर्धी बाटली ओतू का म्हणून विचारलं. बाइंडर साठीचा, शांत माणूस. हाताला सदा खळ लागलेली. त्याने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा सिस्टरकडे, आणि म्हणाला की ओता, नाहीतरी ते बेसिन कधी पांढरं नव्हतंच. जांभळा रंग कोपऱ्यात उगवतो का म्हणून दोघं संध्याकाळपर्यंत अधूनमधून जाऊन बघत राहिले. उगवला नाही. उरलेली बाटली वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओतली. तिथेही काही नाही. नाही म्हणायला डॉक्टरीणबाईंचा एक रोगी चूळ भरायला वाकला, तो जांभळी धार पाहून तसाच उठून गेला.

बाइंडरनेच मग एक माहिती दिली. ही जागा ओसाड पडायच्या आधी इथे सार्वजनिक स्नानगृह होतं. तो दुकानात शिकाऊ म्हणून लागला तेव्हा चालू होतं. कामावरून सुटलेली माणसं खांद्यावर पंचा टाकून रांगेत उभी असायची. मागच्या भिंतीवर चार-पाच पांढऱ्या फरश्या अजून चिकटलेल्या होत्या त्या तिथल्याच. चाळीस वर्षांपूर्वी ते पाडलं.

"मग त्याचा नळ राहिला असेल," सिस्टर म्हणाल्या.

पण पाणीखात्याच्या माणसाने तर लाइन नाही म्हणून सांगितलं होतं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

आता सिस्टरनी ठरवलं की रोगी बोलत नसेल तर त्याचा तक्ता ठेवायचा. एका पत्र्याच्या डब्याचं बूड काढलं आणि तो कोपऱ्यात हातभर खोल पुरला. आत पाणी साठे. विणायच्या सुईवर रेघा मारून त्या सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला ती बुडवत आणि पाठकोऱ्या कागदावर बिंदू काढत. वॉर्डात तापाचा काढायचा अगदी तसाच तक्ता. बसथांब्यावरची माणसं बघत राहायची. एकाने विचारलंसुद्धा, बाई, जमिनीला ताप किती आहे. सिस्टर म्हणाल्या, कालच्यापेक्षा बरा आहे.

आठवड्याने त्यांनी कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. वन्सं चष्मा लावून वाकल्या. रेघ रोज सकाळी खाली असायची, दुपारपर्यंत चढायची, संध्याकाळी टिकायची, सकाळी पुन्हा खाली. शनिवारी ती दोनलाच वाकायला लागली होती. रविवारी तर पडूनच होती, आणि सोमवारी दहानंतर पुन्हा उठली होती.

"हा कसला झरा?" वन्संनी विचारलं. "रविवारी सुट्टी घेणारा?"

"आणि शनिवारी अर्धा दिवस," सिस्टर म्हणाल्या.

 बाइंडर शनिवारी रात्री आठपर्यंत दुकान उघडं ठेवी. डॉक्टरीणबाई रविवारीही येत. शनिवारी अर्धा दिवस चालणारी त्या अख्ख्या रस्त्यावर एकच जागा होती. वन्संचा आवाज आपोआप खाली आला. त्या म्हणाल्या, वजनमाप.

मंगळवारी पावणेदहाला सिस्टर आपला घरातला जुना तराजूकाटा पिशवीत घालून त्या दगडी इमारतीच्या पायरीवर जाऊन बसल्या. कुणी विचारलं तर काटा तपासून घ्यायला आले म्हणायचं. दहाला पाच मिनिटं असताना शिपाई आला. उंच, वाळका, खाकी शर्टाला कडक इस्त्री. त्याने कुलूप काढलं, डब्याची पिशवी खुंटीला अडकवली, आणि दिवे लावायच्याही आधी दाराच्या मागे हात घालून एक बटण दाबलं. काळं, पितळी दांडीचं, जुन्या पद्धतीचं. दाबलं तरी कुठे काही लागलं नाही. दिवा नाही, पंखा नाही. फक्त पायाखालच्या फरशीत एक बारीक थरथर सुरू झाली, आणि तीही जिने चाळीस वर्षं रोग्यांच्या नाडीवर बोट ठेवलंय तिलाच कळावी इतकी.

"दादा, ते बटण कशाचं?" सिस्टरनी विचारलं.

शिपाई थबकला. मग म्हणाला, "पहिलं."

"पहिलं म्हणजे?"

"आल्यावर पहिलं हे दाबायचं, जाताना शेवटचं हे बंद करायचं. माझ्या आधीच्याने सांगितलं होतं."

"पण त्याने काय होतं?"

शिपायाने बटणाकडे पाहिलं. तेहतीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि त्यानेही कुणाला विचारला नव्हता. नवा होता तेव्हा विचारायची भीती वाटली, जुना झाल्यावर लाज. पण एक दिवस चुकवला नव्हता. तापात आला होता. एकदा आठ दिवस दवाखान्यात पडला, तेव्हा बायकोला किल्ली देऊन सकाळ-संध्याकाळ पाठवायचा. ती आपली यायची, दाबायची आणि जायची. हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता आणि नव्या माणसाला सांगायच्या गोष्टींत हीच त्याने सर्वांत वर ठेवली होती.

सिस्टरनी त्याला तक्ता दाखवला. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. त्याची दहाची वेळ, साडेपाचची वेळ, शनिवारची एकची वेळ. परक्या बाईने काढलेल्या कागदावर त्याची आख्खी नोकरी होती. गेल्या तेहतीस वर्षांत त्याच्याविषयी इतकं बारकाईने कुणी काही लिहिलं नसेल.

त्या दुपारी त्यांनी प्रयोग केला. शिपायाने बारा वाजता बटण बंद केलं, आणि मग दोन वाजेपर्यंत तो खुर्चीवर टेकला नाही. इमारत कोसळली नाही. दोन वाजता बागेतल्या डब्यातलं पाणी दोन रेघा उतरलं होतं. बटण पुन्हा लावलं, चारला ते जागेवर आलं. बाइंडर खळीचे हात तसेच घेऊन बघायला आला होता. वन्संही आल्या होत्या, पण फक्त गवंड्याच्या मापांसाठी आलेय असं त्यांनी दोनदा सांगितलं.

राहता राहिली वायर. बटणापासून निघून ती भिंतीवरून गेली होती, रंगाचे थर बसून बसून भिंतीतच मिसळलेली. ती जुन्या वजनांच्या मांडणीमागे शिरत होती. कार्यालयाच्या साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग सगळं ऐकून स्वतःच बाह्या सरसावल्या. बिडाची ती वजनं एकेक उतरवायला तास लागला. मांडणी सरकवली तर मागे बुटका दरवाजा. कडीवर गंजाचा गोळा. तो निघाल्यावर खाली जाणाऱ्या नऊ पायऱ्या.

टॉर्च घेऊन पुढे सिस्टर, मागे शिपाई, मग वन्सं. खाली गार हवा होती आणि मोटरची घरघर. मधोमध एक विहीर होती. गोल, घडीव दगडांची, आणि पाणी इतकं नितळ की टॉर्चचा उजेड थेट तळाच्या दगडांवर पडला. कडेला एक छोटी मोटर, तिच्यातून निघालेला नळ बागेच्या बाजूच्या भिंतीत शिरलेला. मोटरच्या वर लाकडी फळी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने काढलेली अक्षरं. सिस्टरनी तळहाताने धूळ पुसली. अक्षरं होती – स्नानगृह, पुरवठा.

 स्नानगृह पाडणाऱ्यांनी भिंती पाडल्या, छप्पर उतरवलं, पण शेजारच्या इमारतीत येऊन कुणी पाणी थांबवा म्हणून सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ते पाणी दर सकाळी दहाला निघत होतं आणि तुटक्या नळातून विटांच्या चुऱ्यात मुरत होतं. आंघोळीला येणारं तिथे कुणी नव्हतं. बागेत गेल्या वर्षी चार गाड्या माती पडली, खालच्या फटी बुजल्या, म्हणून ते वर तरी आलं.

सिस्टरना आनंद झाला होता. खूप दिवसांनी असा झाला होता. एखाद्या अडलेल्या दुखण्याचं नाव सापडावं तसा. त्या वळून काहीतरी बोलणार होत्या, तर शिपाई पायरीवर बसलेला दिसला.

"तेहतीस वर्षं मी चिखल केला," तो म्हणाला.

 तुमच्या आधीच्यानेही सात वर्षं हेच केलं, असं सिस्टर म्हणाल्या, पण ते बोलून झाल्यावर त्यांनाच कळलं की त्याने काही भागत नाही. शिपाई उठला, वर गेला आणि त्याने बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी डब्यात पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. कोपऱ्यातली माती वरून पांढरी पडायला लागली. सिस्टर कार्यालयात गेल्या तर शिपाई फायली लावत होता. त्याने नीट उत्तरं दिली, पण वर पाहिलं नाही. त्याची पिशवी खुंटीवर होती आणि बटण बंद होतं. घरी येऊन सिस्टर गादीवर बसून राहिल्या. वन्संनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की मला नसता चौकसपणा नडला. त्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नव्हती तोवर तो सुखात होता.

 शुक्रवारी सकाळी वन्सं इस्त्रीची साडी नेसून एकट्याच निघाल्या. सिस्टर मागून गेल्या. बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही. वन्सं थेट शिपायाच्या टेबलासमोर जाऊन खुर्ची ओढून बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते सिस्टरनी चार वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये रोज सकाळी सगळ्या लायनी तपासायचं काम वन्संचं होतं. त्यांत बावन्न नंबरची एक लाइन होती. पलीकडून कधी उत्तर यायचं नाही, नुसती खरखर यायची. वन्सं रोज हॅलो म्हणायच्या, पाच मोजायच्या, लाइन ठीक अशी खूण करायच्या. अकरा वर्षांनी कळलं की ती लाइन एका रेल्वे फाटकाच्या केबिनची होती आणि ते केबिन वन्सं नोकरीला लागायच्या आधीच बंद झालं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?" शिपायाने विचारलं.

"घरी गेले आणि रडले," वन्सं म्हणाल्या. "रडले म्हणून कुणाला सांगितलं नाही. पण एक गोष्ट आहे, भाऊ. माझ्या लायनीच्या पलीकडे कुणी नव्हतं. तुमच्या नळाच्या पलीकडे आम्ही आहोत. बाइंडरच्या नळावरून सहा वर्षं बादल्या वाहतोय. माझी कंबर त्यातच गेली."

शिपाई खाली बघत होता. मग तो म्हणाला की तुमचे गुलाब माझ्यामुळे मेले ना.

"तीन," वन्सं म्हणाल्या. "आता चौथा जगवायचा असेल तर किती वेळ मोटर चालवायची ते तुम्ही येऊन ठरवा. मला त्यातलं कळत नाही."

सिस्टर दारात उभ्या होत्या. वन्संना एखाद्या गोष्टीतलं कळत नाही, हे वाक्य त्यांनी वन्सं घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं.

सोमवारी गवंडी आला. त्याला काँक्रीट टाकायला बोलावलं होतं आणि आल्यावर उलटं खणायला सांगितलं, त्यामुळे तो थोडा वैतागला. साडेतीन फुटांवर नळाचं तुटकं तोंड लागलं. त्याला नवा तुकडा जोडला आणि कोपऱ्यात विटांचं कमरेइतकं टाकं बांधलं, वर तोटी, बाजूने जादा पाणी वाहून जायला पन्हळ. पन्हळीच्या शेवटी एक उथळ खळगा केला. शिपाई दोन दिवस घड्याळ घेऊन बसला आणि त्याने हिशेब काढला की सकाळी पाऊण तास मोटर चालवली की टाकं भरतं, एरवी बंद. साहेबांनी तशी रीतसर टिपणी केली. पाणीखात्याचा तो कांबवाला माणूसही एकदा येऊन गेला. त्याने टाक्याला कान लावला नाही, ओंजळभर पाणी प्यायला आणि म्हणाला की आमच्यापेक्षा चांगलं आहे.

तीन महिन्यांनी शिपाई निवृत्त झाला. त्याच्या जागी एक तरुण मुलगी आली. पहिल्याच दिवशी त्याने तिला नऊ पायऱ्या उतरून विहीर दाखवली, मग बागेत आणून टाकं दाखवलं, आणि तिने जे जे विचारलं ते सगळं सांगितलं. तिने खूप विचारलं. आता तो रोज सकाळी बायकोबरोबर बागेत येतो. बायको खुरपते, तो झारी फिरवतो. चौथा गुलाब त्याने कोपऱ्याऐवजी समोर उन्हात लावला, वन्संना न विचारता, आणि वन्संनी तो तिथेच राहू दिला.

परवा सकाळी सिस्टर पोचल्या तर वन्सं त्या उथळ खळग्यापाशी गुडघ्यांवर वाकून बसल्या होत्या. त्यांनी मागे न बघताच हाताने थांब म्हणून खूण केली. खळग्यातल्या दगडावर बोटाच्या पेराएवढा एक बेडूक बसला होता, हिरवट, गळा धपापत. चारी बाजूंना डांबरी रस्ते, बसगाड्या, दुकानं. जवळचं तळं म्हणाल तर तीन कोसांवर.

"वहिनी," वन्सं कुजबुजल्या, "हा आला कुठून गं?"

सिस्टरनी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसल्या.